साळूबाईची पिकअप आणि राजाचं सील

एका जंगलात, बाळांनो, रस्ते होते. म्हणजे त्यांची उद्घाटनं झाली होती. त्या रस्त्यांवर साळूबाई नावाची साळिंदर आपली जुनी पिकअप हाकायची.

त्या दिवशी गाडीत जांभळांच्या पाट्या होत्या. जांभूळ वाट बघत नाही. दिवस मावळायच्या आत घाटापलीकडचा बाजार गाठला नाही, तर साळूबाईचा अख्खा हंगाम मातीत.

पहिल्याच चढावर गाडीनं आचके दिले आणि ती बंद पडली.

शेजारी बसलेले अस्वलअण्णा मेकॅनिक खाली उतरले. "पेट्रोल संपलं असणार, ताई."

त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. फुस्स! टाकी तर निम्मी भरलेली.

"मग फिल्टर!" अण्णांनी फिल्टर काढून फुंकला. गाडी सुरू.

अर्ध्या घाटात पुन्हा बंद. अण्णांनी पुन्हा झाकण उघडून टाकीत डोकावलं. फुस्स! मग पेट्रोलच्या पंपाला दोन टपल्या मारल्या. गाडी सुरू.

पुढच्या वळणावर तिसऱ्यांदा बंद. अण्णांनी झाकण उघडलं, तेवढ्यात मागून राजाचे कारभारी कोल्हेसाहेब आले. त्यांनी गाडीला उद्देशून भाषण केलं. गाडी सुरू झाली. साहेबांनी फोटो काढून घेतला आणि ते निघून गेले.

चौथ्यांदा गाडी थांबली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"अण्णा, फुंकू नका, टपल्या मारू नका," साळूबाई म्हणाली. "नुसतं झाकण उघडा."

फुस्स! गाडी सुरू.

साळूबाईनं झाकण हातात घेऊन पाहिलं. माकडं पेट्रोल चोरतात म्हणून राजानं प्रत्येक झाकणाच्या डोक्यावर लाखेचं सील ठोकायला लावलं होतं. माकडं सीलसकट झाकण काढून ठेवायची, पेट्रोल काढायची आणि झाकण परत लावायची. सीलखाली मात्र हवा जायचं भोक बुजलं होतं.

"अहो, टाकीचा श्वासच कोंडलाय! हवा आत जाईना, तर पेट्रोल बाहेर येईल कसं?"

तिनं अंगावरचा एक काटा उपटून सीलमधून थेट त्या भोकात खुपसला आणि परत काढला. गाडी थेट बाजारात जाऊन थांबली. जांभळं हातोहात खपली.

दुसऱ्या दिवशी दरबारातून बोलावणं आलं.

"राजमुद्रेला भोक!" कोल्हेसाहेब कडाडले.

"पण साहेब, गाडी चालली की हो!"

"ऐकलंत, महाराज? गुन्हा कबूल!"

राजानं न्याय केला. साळूबाईला दंड, झाकणाला नवं सील. आणि गाडी बंद पडू नये म्हणून प्रत्येक पिकअपवर एक झाकण-उघड अधिकारी. पहिली नेमणूक कोल्हेसाहेबांच्या भाच्याची.

आता भाचा पुढं बसतो, अण्णा मागं पाट्यांवर. प्रत्येक चढावर भाचा उतरतो, झाकण उघडतो आणि दमल्यासारखा होऊन पाटीत हात घालतो. जंगलातली वाहतूक सुरळीत आहे, असं तो जांभळ्या जिभेनं सगळ्यांना सांगतो.

तात्पर्य: मुलांनो, बिघाड जरूर शोधा, पण दुरुस्त करू नका. दुरुस्त करणाऱ्याला दंड होतो. बिघाड जपणाऱ्याला पुढची सीट मिळते.