सभापती बसतच नाहीत

"अहो, सभापती आहात तुम्ही, हमाल नाही! सोडा ते कपाट!" बायको आतून ओरडली. पण विधान परिषदेचे सभापती एकदा हट्टाला पेटले की पेटले. कपाटामागे पडलेला चष्मा त्यांना स्वतःच काढायचा होता. कपाट तसूभर हललं नाही, कंबर मात्र हलली. कट्!

आता ना वाकता येत होतं, ना बसता.

"आज घरीच राहा."

"आज? शेवटचा दिवस आहे माझा! अख्ख्या कारकिर्दीत गोंधळापायी एकदाही सभागृह तहकूब केलं नाही मी. आज उपसभापतींनी ते केलं म्हणजे?"

शेवटी त्यांना गाडीच्या मागच्या सीटवर गुंडाळलेल्या सतरंजीसारखं आडवं सरकवलं. "डोकं आत घ्या," म्हणत बायकोने दार लावलं.

ते सभागृहात शिरताच सगळे सदस्य उभे राहिले. आता सभापती बसणार, मग बाकीचे बसणार. पण सभापती बसलेच नाहीत.

सचिव कानाशी लागले. "साहेब, बसा ना."

"बसता आलं असतं तर तुमच्या आग्रहाची वाट बघितली असती का?"

पंचाईत अशी, की नियम दोन होते. सभापती आले की ते बसेपर्यंत कुणी बसायचं नाही. आणि सभापती उभे असताना कुणी उभं राहायचं नाही! सत्ताधाऱ्यांनी पहिला नियम धरला. त्यांनी तो धरला म्हणून विरोधकांनी दुसरा धरला, आणि सगळे धपाधप खाली बसले.

"हा सभापतींचा अपमान आहे!" उभे असलेले ओरडले.

"मग उभं राहून कशाला करताय?" बसलेले ओरडले.

"साहेब, तहकूब करू या का?" सचिव कुजबुजले.

"खबरदार तो शब्द काढाल तर!" सभापती गरजले. "सगळे खाली बसा! आज जे बोलायचं ते बसून. मी उभा आहे तोवर कुणी उठायचं नाही."

खरी गोची झाली ती विरोधी पक्षनेत्यांची. त्यांचं भाषण म्हणजे अर्धे हातवारे आणि अर्धी पळापळ. बसल्या बसल्या त्यांना आवाजच फुटेना. "रस्ते... खराब आहेत," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

"आहेत खरे. करतो दुरुस्त," मंत्रीही बसल्या बसल्या म्हणाले. झालं! जेवणाच्या सुट्टीआधीच सगळं कामकाज आटोपलं. सभापतींच्या पायांची लाकडं झाली होती, पण चेहऱ्यावर काही दिसेल तर शपथ.

निरोपाच्या वेळी विरोधी पक्षनेते परवानगी घेऊन वर आले. "माणूस आहे की खांब!" असं म्हणत त्यांनी सभापतींच्या पाठीत प्रेमाने अशी काही थाप घातली, की कट्! कंबर सुटली आणि सभापती धप्पकन खुर्चीत बसले.

त्याच क्षणी सगळं सभागृह ताडकन उठलं. सकाळपासून गिळलेली भाषणं एकदम बाहेर पडली. कागद उडाले, एक जण तर बाकावर चढला. सचिवांनी हात जोडले. "साहेब, आता तरी!"

खुर्चीची गादी इतकी मऊ असते हे सभापतींना आजच कळत होतं. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग ओठ घट्ट आवळले, दोन्ही हात टेकले आणि कण्हत कण्हत ते पुन्हा उभे राहिले.

सगळे गपकन बसले.

"छान," घाम पुसत ते म्हणाले. "आता मी आभार मानतो. जरा लांबलचक आहेत. भूक लागली असेल त्यांनी बसूनच ऐकावं."