पालथे पोपट

बायको घरात नसली म्हणून आपलं काही अडत नाही, असं मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. माठ मीच घडवतो, मीच भाजतो. राहता राहिलं रंगकाम, ते ती करते. त्यात काय एवढं? चुना, गेरू आणि कुंचला! सासूबाईंचा पाय मोडला म्हणून ती माहेरी गेलेली. तिच्याच गावच्या देवळाच्या जत्रेत दुकान मांडायचं, माझे माठ बघून तिनं थक्क व्हायचं आणि माझ्याबरोबर घरी यायचं, असा बेत होता. खरं सांगायचं तर घर खायला उठलं होतं.

ती माठ मांडीवर पालथा घेऊन रंगवते, एवढं मला पक्कं ठाऊक. मीही पालथे घेतले आणि झकास पोपट काढले.

जत्रेत माठ सुलटे मांडले, तेव्हा काय उजेड पाडलाय ते कळलं. सगळे पोपट खाली डोकं, वर पाय!

"वटवाघळं छान जमलीत," पहिलं गिऱ्हाईक म्हणालं.

"पोपट आहेत ते."

"मग मेलेत का?"

शेजारचा खेळणीवाला पोट धरून हसायला लागला. दरवर्षी आमचा पहिला माठ देवळात जातो. पुजारीबुवा आले, मान तिरकी करून बघत राहिले. "देवापुढे हे असलं लटकलेलं कसं ठेवू?" म्हणाले आणि रिकाम्या हातानं गेले. आता मात्र माझं धाबं दणाणलं.

तेवढ्यात ती आली. माठांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"अहो, माठ पालथा घेतला की पोपटही पालथाच काढायचा असतो."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

पदर खोचून ती माझ्या शेजारीच बसली. ओल्या फडक्यानं पोपट पुसायचे आणि नवे काढायचे, असा सपाटा लावला. मनगटानं केस मागे सारताना कपाळाला गेरू लागला. मी बघतच राहिलो. किती दिवसांनी ती अशी शेजारी बसली होती! माठ भराभर खपायला लागले आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. संपले की ती उठणार. मी उलट्या पोपटांचा एक माठ हळूच पोत्याखाली सरकवला.

दिवेलागणीला तिनं हात धुतले. "आईला औषध द्यायचंय. येते मी."

"आणि घरी?"

"आई चालायला लागली की." जरा पुढे गेली आणि वळली. "तो पोत्याखालचा विकू नका. घरी आले की रंगवीन."

परतीच्या टेम्पोत तो माठ मी मांडीवर घेऊन बसलो, तान्ह्या लेकरासारखा. घरी कुलूप काढायला म्हणून पायरीवर ठेवला आणि माझाच पाय लागला. खापऱ्या झाल्या.

आता हुबेहूब तसाच दुसरा घडवलाय, उलट्या पोपटांसकट. तिच्या नजरेतून सुटायचा नाही, बघताक्षणी ओळखेल. ओळखू दे. त्यासाठी तरी तिला घरी यावं लागेल ना.