शेवटचा हात कोणाचा?

घर्रर्र... टक्. घर्रर्र... टक्.

दुपारचा दीड वाजला होता. मुलगी नुकतीच झोपली होती आणि घरात निव्वळ माझ्या मालकीची अशी तासाभराची शांतता पसरली होती. तेवढ्यात संगणकाच्या पोटातून हा आवाज आला. पडद्यावर मिट्ट काळोख, आणि त्यात एकच ओळ: सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही.

यंत्र कधीही आपण होऊन बिघडत नाही. ते कोणाच्या तरी हातून बिघडते. हे सत्य ज्या घराला उमगले ते घर प्रगत समजावे. आमचे घर अतिशय प्रगत आहे. मागासलेल्या घरांत वस्तू बंद पडली की लोक ती दुरुस्त करत सुटतात. आमच्याकडे आधी ‘शेवटचा हात’ ठरतो. वस्तूला ज्याचा हात शेवटचा लागला, बिघाड त्याचा. हा नियम सासऱ्यांनी घालून दिला आहे. (ते एका कार्यालयात एकतीस वर्षे चौकशी अधिकारी होते. त्या काळात तिथे एकही चौकशी अपुरी राहिली नाही आणि एकही बंद वस्तू सुरू झाली नाही.)

नियम संपूर्णपणे निःपक्षपाती आहे. गेल्या सात वर्षांत घरात तेवीस बिघाड झाले. पैकी एकवीस वेळा शेवटचा हात माझा निघाला. घरातली धूळ मी पुसते, त्यामुळे यात कोणालाही काही करता येण्यासारखे नाही. उरलेले दोन बिघाड, म्हणजे पंखा आणि दारावरची घंटा, मी बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना झाले. (निष्कर्ष: जाण्यापूर्वी हाताळले असावे.)

एरवी मी चोविसावा बिघाडही मुकाट पदरात घेतला असता. पण त्या दिवशी पाचच्या आत मला एक अर्ज पाठवायचा होता. पूर्वी ज्या कचेरीत मी नकाशे काढत असे, तिथे सहा वर्षांनी एक जागा निघाली होती. अर्जाला जोडायचे माझे सगळे जुने नकाशे त्याच संगणकात. पुढची जागा निघेपर्यंत मला रस्ता आणि नदी यांतला फरक दिसेलच याची खात्री नव्हती.

दोन वाजता चौकशी बसली. सासरे संगणकापासून तीन हात अंतरावर खुर्ची टाकून, वही उघडून बसले.

“सूनबाई, चौकशी संपेपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही. पुरावा आहे तो.”

“बाबा, पाचला अर्ज...”

“घाईघाईने न्याय होत नसतो.”

तज्ज्ञ म्हणून दिरांना बोलावण्यात आले. (पात्रता: आजवर चार मोबाईल फोडले आहेत.) भावजी उंबऱ्यावरच थांबले, हात पाठीमागे बांधून. जवळ गेले असते तर शेवटचा हात त्यांचा ठरला असता.

“वहिनी, बंद करून चालू केलात?”

“चार वेळा केला.”

“तिथेच घोटाळा केलात. तीनदाच करायचा असतो.”

मग त्यांनी दारातूनच निदान केले: व्हायरस असेल, विजेचा दाब असेल, नाहीतर मदरबोर्ड गेला असेल. शेवटचा शब्द उच्चारला गेला तेव्हा का कोण जाणे, दोघांनीही माझ्याकडे पाहिले.

एवढ्या गंभीर आवाजांनी मुलगी उठली नसती तरच नवल. ती डोळे चोळत आली, सरळ संगणकाला कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, याच्या पोटात काहीतरी गोल गोल फिरतंय.”

“बाळा, मोठी माणसं बोलताहेत ना?” आजोबा म्हणाले.

तिने तीनदा सांगितले. तिन्ही वेळा नोंद झाली नाही. (साक्षीदार अल्पवयीन, शिवाय पुढचे दोन दात पडलेले असल्याने साक्ष अस्पष्ट.)

सव्वाचार वाजता गैरहजर साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्याला फोन लावण्यात आला.

“मी? मी रविवारनंतर हातसुद्धा लावलेला नाही.”

“आणि रविवारी काय करत होतास?” मी विचारले.

“स्पीड तपासत होतो.”

“कशाचा?”

“गाडीचा. म्हणजे... अगं, ती गेमची सीडी आत राहिली असेल बघ. तो आधी सीडीत बघायला जातो आणि तिथेच अडकून बसतो. काढून टाक ना! आणि ऐक, बाबांना सांगू नकोस हं.”

फोन स्पीकरवर होता. सासऱ्यांनी पेनाला टोपण लावले, प्रकरण वाटले होते त्याहून गुंतागुंतीचे असल्याचे सांगितले आणि चहासाठी कामकाज तहकूब केले.

पावणेपाच. बिघाड कळला होता, उपाय कळला होता, आणि तो उपाय म्हणजे बोटभर अंतरावरचे एक बटण होते. खोलीत तीन मोठी माणसे होती आणि हात एकही नव्हता. चहाची कपबशी कोणीही खाली ठेवेना.

मी उठले आणि बटण दाबले. संगणकाने वेडावून दाखवल्यासारखी जीभ बाहेर काढली. तिच्यावर लाल मोटारगाडीचे चित्र. सीडी काढली, आणि यंत्र सुरू झाले.

सासऱ्यांनी वहीत लिहिले: ‘दुपारी ४.४८ वाजता संगणक आपोआप पूर्ववत झाला. सीडी कोणाची, हा मुद्दा प्रस्तुत चौकशीच्या कक्षेबाहेरचा.’ (आमच्याकडे वस्तू बिघडते ती कोणाच्या तरी हातून, सुरू होते ती आपोआप.) भावजी म्हणाले, “बघा वहिनी, मी म्हटलं नव्हतं? काही झालेलं नाही.”

मी मुलीला मांडीवर घेतले. तिच्या केसांना अजून झोपेची ऊब होती. एकेक करून नकाशे जोडले. आता एकच रकाना उरला: ‘नोकरीत खंड पडण्याचे कारण’. त्याखाली निवडायला चार पर्याय होते: आजारपण, कारावास, मूल, इतर. (‘इतर’ निवडल्यास सविस्तर खुलासा जोडावा.) दोन मिनिटे उरली होती. मी प्रगत घरात तयार झालेली बाई; कारण शोधायला मला क्षणभरही लागला नाही. ‘मूल’ निवडले आणि अर्ज पाठवून दिला. (हे वाचून ज्यांना हसू आले असेल, त्यांनी आपापल्या आईला विचारून पाहावे, की तिने यादीतले काय निवडले होते.)

मुलगी अलीकडे दिसेल ते वाचते. तिने पडद्यावर बोट ठेवून अक्षरे जुळवली. “खंड... पडण्याचे... कारण... मूल.”

मग मान वळवून माझ्याकडे पाहिले.

“मूल म्हणजे मी?”

“हो.”

“मी काय केलं, आई?”