अंबादास गुरुजींचं इटालियन

परभाषा शिकल्याने मनुष्याचे क्षितिज विस्तारते, असे पाठ्यपुस्तकांच्या प्रस्तावनेत छापलेले असते. प्रस्तावना कोणी वाचत नसल्यामुळे हे विधान अद्याप खोटे ठरलेले नाही. तुळजापूरच्या अंबादास गुरुजींनी चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्या काळात त्यांचं क्षितिज एका बाजूला नळदुर्ग आणि दुसऱ्या बाजूला बार्शी एवढंच होतं आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती.

अडचण नातीमुळे आली. मुलगी निवेदिता इटलीत, तुरीनला नांदते, जावई तिथलाच. पाच वर्षांची जाई घरात इटालियन बोलायची. निवेदिता तिच्याशी मराठीत बोले, पण फक्त रागावताना. परिणामी मराठी ही रागावण्याची भाषा आहे, असा मुलीचा शास्त्रशुद्ध समज झाला. व्हिडिओ कॉलवर गुरुजी लाडानं "काय गं ठमाबाई" म्हणाले, की ती सोफ्यामागं लपायची. एकदा तर रडली. त्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत (सायंकाळी थोडे पोहे घेतले).

जाई पुढच्या नाताळात येणार असं ठरलं आणि गुरुजींनी मोबाइलवर इटालियन शिकायला घेतलं. शिस्त शाळेचीच. सकाळी सहाला स्वतःचं नाव पुकारायचं आणि स्वतःच "हजर" म्हणायचं.

"दोघांनाही चहा टाकू का?" पत्नी सरोजिनीबाई आतून विचारायच्या.

सहामाही परीक्षा त्यांनी स्वतः काढली, स्वतः दिली, पर्यवेक्षणही स्वतःच केलं (कॉपीचा एक प्रयत्न पकडला गेला). शंभरपैकी एकतीस गुण पडले. विद्यार्थ्यानं चार गुण वाढवून मागितले. गुरुजींनी नियमावर बोट ठेवलं. 'माझ्या काकांचा घोडा सफरचंद खातो' एवढं मात्र ते अस्खलित म्हणू लागले. काकांना घोडा नव्हता, ही बाब वेगळी.

जळकोटहून दूध घेऊन येणाऱ्या बलभीमनं एकदा चौकशी केली. "गुरुजी, तिकडं 'व्हय'ला काय म्हणत्यात?"

"सी."

"आन् 'न्हाय'ला?"

"नो."

"मग झालं की. संसाराला एवढंच लागतंय. बाकीचं लई झालं."

गुरुजींना हे मत अशास्त्रीय वाटलं.

नाताळात जाई आली. दारात आईच्या ओढणीआड उभी राहिली. गुरुजींनी हात पुढं केला आणि अकरा महिन्यांची तपश्चर्या एका वाक्यात ओतली, "दाम्मी इल मानो." म्हणजे, हात दे.

जाई ओढणीबाहेर आली. "ला मानो, नोन्नो," ती आजोबांना गंभीरपणे म्हणाली. "ला."

निवेदितानं खुलासा केला, "बाबा, इटालियनमध्ये हात स्त्रीलिंगी असतो."

गुरुजींना एक जुना विद्यार्थी आठवला. कानडी घरातल्या बंडप्पाला 'माझी हात दुखते' म्हटल्याबद्दल त्यांनी तासभर उभं केलं होतं. बंडप्पाचं बरोबरच होतं, फक्त देश चुकला होता.

जाईनं ते वाक्य त्यांच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं आणि मग हात दिला. शिकवणाऱ्याला भीती वाटत नाही, हा शिक्षणशास्त्राचा मूळ सिद्धांत गुरुजींना निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी बाकाच्या उलट्या बाजूनं समजला. तीन आठवडे ती त्यांच्या चुका काढत होती आणि गुरुजी त्या मराठीत मोजत होते. ऐकून ऐकून तीही मोजू लागली. मराठीत कोणीतरी स्वतःलाच रागावतंय, हे तिला फार आवडलं.

अठ्ठावीसनंतर ती अडली. तीस यायच्या आधीच तीस कसं आलं, हा तिचा आक्षेप होता. "तिसाला एक कमी, म्हणून एकोणतीस," हे गुरुजींनी चार बोरं मांडून, त्यातलं एक खाऊन समजावलं. ती निघाली त्या दिवशी गुरुजी देवघरात बराच वेळ समई पुसत बसले. ती पुसलेलीच होती.

आता दर रविवारी फोनवर तास होतो. परवा मोजणी एकोणऐंशीपर्यंत गेली. तेवढ्या चुका गुरुजींना कराव्या लागल्या (पैकी तीन मुद्दाम).

वाचकांनी गुरुजींना खुशाल हसावं. तत्पूर्वी एकोणऐंशी म्हणजे नेमके किती, हे मनातल्या मनात सेव्हंटी-एटी न करता स्वतःशी सांगून पाहावं. घाई नाही. अगदीच अडलं तर तुरीनला फोन लावावा, जाई रागावत नाही.