मसुदा क्रमांक एक्केचाळीस

माझ्या बायकोनं नेलेली शेंगाचटणी अंबादासरावांनी दारातच अडवली आणि तिला चार प्रश्न विचारले. "ह्याची गरज हाय का? ह्यानं कुठला प्रश्न सुटतोय? तुमी स्वतः वापरताय का? नसाल वापरत, तर का न्हाय?" बायको सोलापुरात नवीन होती. वाटी तशीच घेऊन ती परत आली आणि म्हणाली, समोरच्यांना बहुतेक शेंगदाणे चालत नाहीत. पाच मिनिटांत अंबादासराव आमच्या दारात हजर. "उत्तर न देता गेलात की वहिनी. मग काय, चटणी स्थगित धरायची का?" चटणी त्यांना जिवापाड आवडते, हे नंतर कळलं. पण आवडणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं.

अंबादासराव आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये थोरल्या बहिणीबरोबर राहतात. घर विणकरांचं, तेलुगू बोलणारं. त्यांचा जन्म चादरीच्या कारखान्यात चौकटीच्या कागदावर नक्षी काढण्यात गेला. पुढं कारखान्यात संगणक आला, तेव्हा त्यांच्या वयाचे नक्षीवाले घरी बसले. हे गृहस्थ मात्र पन्नाशी उलटल्यावर नवी पेठेतल्या एका क्लासात कॉलेजच्या मुलींशेजारी जाऊन बसले. तिथून जे बिघडले ते आजतागायत.

बिघडले म्हणजे काय, ते सांगतो. हल्ली मागाला चादर विणायची तर नक्षीची फाइल लागते. ती फाइल कशी लिहायची याचे नियम कुठल्या कंपनीच्या मालकीचे नाहीत. जगभरातले विणकर, नक्षीवाले आणि मागाचे प्रोग्राम लिहिणारे इंटरनेटवर जमून ते ठरवतात. कुणीही उठावं आणि नवा नियम सुचवावा. त्या मसुद्याला क्रमांक मिळतो, चार लोक त्याला झोडपतात, तो दुरुस्त होतो. मग दोन आठवड्यांची 'शेवटची हाक' निघते. तेव्हा तेच चार प्रश्न सगळ्यांना विचारले जातात. निदान दोन प्रोग्रामवाल्यांनी 'आम्ही हे वापरू' असं लिहून दिलं, तर पाच जणांची समिती मत द्यायला बसते. नाहीतर मसुदा स्थगित. तिथं ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, साहेबाचा मेव्हणा चालत नाही. आयुष्यभर साहेबांचे मेव्हणे बघितलेल्या माणसाला याचं वेड लागलं, तर मी त्याला दोष देत नाही.

वेड घरात ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते जिन्यात आणलं. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, आणि मोटर सहाला लावायची की सातला, यावर दर खेपेला भांडण. अंबादासरावांनी 'मसुदा क्रमांक सात: मोटरची वेळ' असा कागद चिकटवला. सगळ्यांनी सह्या केल्या. तळमजल्यावरचे मास्तर तेवढे गावाला गेले होते.

"मंजूर लिहा आणि मोटर लावा!" सेक्रेटरी ओरडले.

"मास्तर बोलले न्हाईत की."

"बोलले नाहीत म्हणजे त्यांची हरकत नाही, अहो!"

"गप बसणं म्हंजे व्हय न्हवं," अंबादासराव म्हणाले. "न झालेलं झालं म्हणून मी लिवणार न्हाय."

मास्तरांना कुर्डुवाडीला फोन लावून होकार मिळवेपर्यंत नळ कोरडा पडला होता. अख्खी इमारत बिनआंघोळीची कामावर गेली. लोकांनी त्यांच्या नावानं बोटं मोडली, त्यांनी शांतपणे कागदावर 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली.

त्यांचा खरा मसुदा जिन्यात नव्हता. तो जगाच्या यादीत एक्केचाळिसावा होता. मागणी एवढीशी होती. नक्षीच्या फाइलमध्ये ती नक्षी कुणी काढली त्याचं नाव लिहायला एक जागा असावी, आणि फाइल कुणाच्याही हातात गेली तरी प्रोग्रामनं ते नाव गाळू नये. बस्स. त्यासाठी तीन वर्षं आणि नऊ दुरुस्त्या. जर्मनीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, मागाला नावाची गरज नाही. "मागाला न्हाय, माणसाला हाय," हे इंग्रजीत कसं लिहायचं, ते विचारायला अंबादासराव माझ्याकडे आले होते. नाव किती अक्षरांचं असावं यावर अकरा दिवस वाद झाला. त्या अकरा दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी नवरदेवांच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. फिनलंडच्या एका बाईंनी आपल्या प्रोग्राममध्ये ही सोय करू असं लिहून दिलं, त्या दिवशी एकही प्रश्न न विचारता त्यांनी इमारतभर पेढे वाटले.

आता दुसरा प्रोग्रामवाला हवा होता. तो मी.

मागाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या एका लहान कंपनीचं काम मी घरी बसून करतो. हे अंबादासरावांना ठाऊक होतं. शेवटची हाक निघाली त्या सकाळी ते आले, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "दोन वाक्यं लिवा फक्त. घेणार असला तर व्हय लिवा. नसला घेणार, तर न्हाय लिवा की. का न्हाय, तेवढं सांगा म्हंजे झालं."

"टाकतो की आजच," मी म्हणालो.

नंतर चौदा दिवसांत ते मला जिन्यात रोज भेटले आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. लेखकानं मतासाठी मागं लागायचं नाही, असा त्यांचा नियम. ते गप्प राहिले आणि मी ते माझ्या सोयीनं वाचलं. आमचे साहेब म्हणाले होते, लिहून दिलं की करावं लागतं, हे कारण मी स्वतःला सांगत होतो. खोटं. काम दोन तासांचं होतं. खरं कारण असं, की समोरच्या दारातल्या, लुंगीवर वावरणाऱ्या माणसाचं काम महत्त्वाचं असू शकतं, यावर माझा विश्वासच नव्हता. हीच विनंती फिनलंडहून आली असती, तर मी पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं.

या दिवसांत अक्का, म्हणजे त्यांची बहीण, रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायच्या. वय ब्याऐंशी. तरुणपणी त्याही कारखान्यात होत्या, मागाला नक्षी सांगणाऱ्या जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायला, एवढंच इमारतीला माहीत. एक डोळा गेलेला, दुसराही दिवाळीपर्यंत जाईल असं डॉक्टर म्हणाले होते. आत संगणक बंद झाला की त्या विचारायच्या, "अयिंदा रा?" झालं का रे? आतून उत्तर यायचं, "इंका लेदु, अक्का." अजून नाही. माझं तेलुगू इतकंच, समोर राहून ऐकलेलं. म्हातारीला काय कळतंय फायलीतलं, असं मला वाटायचं.

पंधराव्या दिवशी यादीवर एक ओळ आली. मसुदा क्रमांक एक्केचाळीस, स्थगित. पुरेसे प्रतिसाद नाहीत. कुणी विरोध केला नव्हता. विरोध झाला असता तर अंबादासराव दहावी दुरुस्ती घेऊन उभे राहिले असते.

काहीतरी सबब शोधायची म्हणून मी तो मसुदा उघडला. तीन वर्षांत त्यातली वाक्यं सुधारून दिली होती, पण शेवटपर्यंत एकदाही वाचला नव्हता. शेवटच्या पानावर, अशा मसुद्यांत असतं तसं, नमुन्याचं एक उदाहरण होतं. दोन हरणांची चादर. एक हरीण पुढं बघतंय, दुसरं मान वळवून मागं.

ही चादर मला माहीत होती. करमाळ्याच्या आमच्या घरी तीच होती, मी तिच्यात गुरफटून वाढलो. कोपऱ्यात कारखान्याचा छाप असायचा, दुसरं काही नाही. मसुद्यात त्या नक्षीखालच्या नव्या जागेत लिहिलं होतं: नक्षी काढणारी, नरसम्मा.

नरसम्मा म्हणजे अक्का. दारावरच्या पाटीवर हे नाव मी रोज बघत होतो.

मी तिथल्या तिथं उत्तर लिहिलं. आम्ही घेऊ, नक्की घेऊ. दुपारी यादी सांभाळणाऱ्यांचा निरोप आला. आभार, पण मुदत संपली. लेखकाला सहा महिन्यांनी पुन्हा हाक काढता येईल. मी कॅलेंडर पाहिलं. दिवाळी अडीच महिन्यांवर होती.

संध्याकाळी मी समोर गेलो. माफी कशी मागायची ते मनात घोकलं होतं. अक्का दारात बसल्या होत्या. आत संगणक बंद झाला.

"अयिंदा रा?"

आज अंबादासराव लॅपटॉप पोटाशी धरून बाहेर आले. मला पाहिलं आणि अक्कांकडे वळले.

"अयिंदि, अक्का," ते म्हणाले. झालं.

मला समजावं म्हणून असेल, अक्का मराठीत बोलल्या. "समद्यांनी व्हय म्हनलं?"

"समद्यांनी."

"माजं नाव कुटं हाय, दाव की."

त्यांनी लॅपटॉप उघडून अक्कांच्या मांडीवर ठेवला. पडदाभर मोठ्या अक्षरांत ते एकच नाव होतं. अंबादासरावांनी अक्कांचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं. अक्का डोळा पार पडद्याला टेकवून एकेक अक्षर पुढं सरकत गेल्या. शेवटाला पोचल्यावर परत पहिल्यावर आल्या.

"लई मोटं लिवलंय रे," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

एका सहीसाठी अख्खी इमारत कोरडी ठेवणारा माणूस त्यांच्या खुर्चीमागं उभा होता. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"तुमची काय हरकत हाय का?"

"नाही," मी म्हणालो. तेवढं एक उत्तर मी वेळेत दिलं.