डेस्मंड थ्वेटची दाढ

बुधवारी सकाळी डेस्मंड थ्वेटनं ठरवलं, आज सभ्यपणा घरी ठेवून जायचं. डावीकडची खालची दाढ तीन दिवस ठणकत होती आणि तो तीन दिवस "ठीक आहे" म्हणत होता.

"दुखतंय म्हणून स्पष्ट सांग," बायकोनं, हिलरीनं बजावलं. "सोमवारी दातांच्या दवाखान्यात फोनवर काय म्हणालास? सवड मिळाली तर बघा. मिळाली का त्यांना सवड?"

"आज एकेकाला बघून घेतो," डेस्मंड गरजला. (गरजण्याआधी त्यानं खिडकी लावून घेतली. शेजाऱ्यांना त्रास नको.)

दवाखान्याचं दार उघडलं तर मागून एक बाई येताना दिसल्या. चांगल्या वीस पावलं लांब होत्या, पण दिसल्या म्हटल्यावर दार धरणं आलं. त्या बिचाऱ्या संकोचानं धावत आल्या. त्यांच्यामागे एक आजोबा. त्यांच्यामागे एक दांडगा गडी, तो तर साधं थँक यूसुद्धा न म्हणता आत घुसला. डेस्मंडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेका, तुझ्या तीर्थरूपांनी ठेवलंय का मला दारावर, असं तो मनात म्हणाला. तोंडानं म्हणाला, "सॉरी."

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कसे आहात?"

"मजेत. तुम्ही?" (साठ वर्षांची सवय. जीभ ऐकते थोडीच.)

"मग या गृहस्थांना आधी सोडू? त्यांचं फार दुखतंय."

गृहस्थ म्हणजे तोच दांडगा.

"अवश्य," डेस्मंड म्हणाला आणि मनातल्या मनात शिव्या घालत खुर्चीवर बसला. असे आणखी चार जण "अवश्य" आत गेले. पाचव्याच्या वेळी मात्र त्याचा तोल गेला. त्यानं काउंटरवर मूठ आपटली. "मला दुखतंय. फार दुखतंय. आत्ता बघा."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मुलीनं मुकाट्यानं आतलं दार दाखवलं. डेस्मंडला इतकी लाज वाटली, की आत जाईपर्यंत त्यानं प्रत्येकाची माफी मागितली, एका रिकाम्या खुर्चीचीसुद्धा.

तासाभरानं तो गाल धरून घरी आला.

"काढली?" हिलरीनं विचारलं.

"काढला."

"आ कर बघू." तिनं वाकून पाहिलं. "अरे, ही दाढ तर आहे तिथंच आहे. उजवीकडचा वरचा धडधाकट दात कुठं गेला?"

डेस्मंडनं तोंड मिटून घेतलं.

"त्या डॉक्टरबाईंनी विचारलं नाही कुठला ते?"

"विचारलं ना. फार गोड बोलल्या गं. बाहेर एवढा तमाशा करून आलो होतो, आता त्यांनाही कुठं त्रास द्यायचा."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुम्हाला सोयीचा असेल तो."