जाम्बाश कुणाच्या ताटात

बहिणीच्या लग्नात मांस वाटायला कागदावरची यादी लागणार नाही, असं तोल्कुनने आईला महिनाभर आधीच ठणकावलं होतं. बिश्केकच्या एका छोट्या कंपनीत तो वेबसाइट बनवायचा, आणि आपल्या हातूनही चूक होऊ शकते हे अजून कुणी त्याच्या गळी उतरवलं नव्हतं.

आई सायरागुल मात्र धास्तावली. वाटपात कुणाचा मान चुकला तर पाहुणे जन्मभर विसरत नाहीत. जाम्बाश, म्हणजे कमरेचं हाड, सर्वात वडीलधाऱ्याला, बरगडी तरुणांना. त्यात नवऱ्या मुलाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे आजोबा, किदिराली, खास नारीनहून येणार होते.

"आपा, तू फक्त पाहुण्यांचं बघ," तोल्कुन आईला म्हणाला. "हाडांचं टॅबलेट बघतील."

भाड्याने आणलेल्या सहा वाढपी बायकांना सहा टॅबलेट. पडद्यावर तीन चौकोन: पाहुण्यांची यादी, निवडलेल्या पाहुण्याचं हाड, आणि त्याचं टेबल. आधी प्रत्येक चौकोन आपली माहिती आपल्यापाशीच धरून बसायचा. यादीत पाहुणा बदलला तरी टेबलाच्या चौकोनाला पत्ता नसायचा. म्हणून तोल्कुनने सगळी माहिती एकाच सामायिक साठ्यात टाकली. तिथे बदललं की सगळीकडे बदलणार. ऑफिसात त्याने शंभरदा तपासलं, एकदाही चुकलं नाही. अर्थात, तिथे टॅबलेट एकच होता.

लग्नाच्या दुपारी तीनशे माणसं बसली आणि ताटं निघाली. बेरमेत नावाच्या वाढपी बाईने मुदपाकखान्याच्या दारात किदिरालींचं नाव दाबलं, जाम्बाश घेतला, आणि टेबल कुठलं म्हणून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. टेबल नऊ. ती निमूटपणे टेबल नऊवर गेली आणि मंडळींतला सर्वोच्च मान तिने व्हिडिओवाल्यासमोर ठेवला. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

पहिल्या टेबलावर किदिरालींसमोर बरगडी आली.

सायरागुलने ती दुरूनच पाहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. म्हातारा ताटाकडे टक लावून बसला होता. त्याने हात लावला नाही, म्हणून सगळं टेबल हात आवरून बसलं. नवऱ्या मुलाचे काका, ओरमोन, शांतपणे उठले आणि त्यांनी कोट मागवले. नवरीने तोल्कुनकडे असं पाहिलं, की कोट असता तर तोही पळाला असता.

त्याने बेरमेतच्या हातातला टॅबलेट ओढून घेतला. त्याने काही न दाबताच पडद्यावरची नावं धडाधड बदलत होती. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुण्यांची यादी सगळ्यांची एक असायला हवीच होती. पण 'आत्ता निवडलेला पाहुणा' ज्या त्या बाईचा वेगळा. तोही त्याने सामायिक साठ्यात टाकला होता! एकीने नाव दाबलं की सहाही पडद्यांवर तोच पाहुणा. त्याने पळत जाऊन पाच टॅबलेट गोळा केले. उरलेला सहावा लगेच शहाण्यासारखा वागू लागला.

पण जाम्बाश? व्हिडिओवाल्याने तो एव्हाना चाटूनपुसून साफ केला होता.

सायरागुलने पोराला दंडाला धरून पहिल्या टेबलापाशी नेलं. तोल्कुनने मान खाली घालून सगळं सांगितलं: चूक आईची नाही, वाढणाऱ्यांची नाही, माझी आहे. ओरमोनकाकांचा एक हात कोटात गेला होता. दुसरा जायचा होता.

किदिरालींनी बरगडी उचलली, एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ घोळवला.

"ओरमोन, खाली बस," ते म्हणाले. "वीस वर्षं माझ्यापुढे जाम्बाश ठेवतात. मला दात चार. मी ते हाड मानाने बघत बसतो आणि घरी जाऊन दुधात पाव बुडवून खातो. आज पहिल्यांदा मऊ मांस मिळालं. आधी वाटलं, कुणी चूक दुरुस्त करायला येईल, म्हणून हात लावायला भीत होतो."

टेबलावर हशा पिकला. कोट परत गेले.

तोल्कुनला पुन्हा कंठ फुटला. आजच्या आज तो साठा वेगळा करतो, असं त्याने आजोबांना सांगितलं. असं पुन्हा कधी, कुठेही, होणार नाही.

म्हाताऱ्याने त्याला जवळ ओढलं आणि कानात हळूच म्हटलं, "पुढच्या महिन्यात धाकट्या नातवाचं लग्न आहे. तुझी यंत्रं घेऊन ये. पण बाळा, दुरुस्त मात्र करू नकोस."